दान एका दिवसाचें, राखण पिढ्यांची

ज्यांचीं शेतें राखीव रानाच्या शिवेला लागून आहेत, त्यांना रानाचें कौतुक आणि रानाचा उपद्रव हीं दोन्हीहि पुरतीं ठाऊक असतात. शहरांतून आलेला मनुष्य रविवारीं गवा पाहून संतोषानें घरीं परततो. सोमवारीं सकाळीं त्याच गव्यानें तुडविलेला ऊस शेतकऱ्याला मोजीत बसावें लागतें. एकाचा आनंद व दुसऱ्याचें नुकसान एकाच वहींत कसें मांडावें, हा प्रश्न कांहीं आजचा नाहीं. परंतु त्याचा विचार निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा दोनच आवाज ऐकूं येतात. एक म्हणतो, रान राखा व शेतकऱ्यानें मुकाट्यानें सोसावें. दुसरा म्हणतो, रान मोडा व जमीन वांटून द्या. या दोन्ही मतांची पारख करण्यास उपयोगी पडेल असें एक परदेशचें उदाहरण आम्ही या अंकांत वाचकांपुढें ठेवीत आहोंत. तें आयर्लंडच्या केरी परगण्यांतील, किलार्नी गांवाजवळच्या मक्रॉस नांवाच्या वाडीचें आहे. एका धनिक घराण्याची खाजगी मालमत्ता असलेली ही वाडी इ. स. १९३२ सालीं राष्ट्राला मिळाली आणि तींतूनच त्या देशाचें पहिलें राष्ट्रीय उद्यान निर्माण झालें.

आयर्लंडचेंच उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, जमिनीच्या बाबतींत त्या देशानें जें सोसलें तें आपल्या शेतकऱ्यास समजावून सांगावें लागत नाहीं. तेथील कसणारा वर्ग एके काळीं बहुतेक सगळा कुळांचाच होता. इ. स. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर करपा पडला, आणि पुढील चार-पांच वर्षांच्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं व जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. पुढें कुळांनीं दीर्घ काळ चळवळ केली. १८८१ च्या कायद्यानें वाजवी खंड ठरविण्यासाठीं न्यायासन मिळालें. १९०३ च्या कायद्यानें सरकारनें कर्ज देऊन जमीनदारांच्या जमिनी कुळांकडून विकत घेवविल्या. त्या कर्जाचा हप्ता वर्षाला शेंकडा सव्वातीन इतका असून तो साडेअडुसष्ट वर्षें भरावयाचा होता. म्हणजे मक्रॉसची वाडी राष्ट्राकडे आली तोंपर्यंत त्या देशांतील कुळांच्या वहिवाटीची बहुतेक जमीन कुळांच्या नांवें झाली होती किंवा होण्याच्या वाटेवर होती. जमीनदारांजवळ उरली ती वाड्याभोंवतालची बाग, कुरणें, रान व डोंगर. आपल्याकडे जिला शेरी म्हणत तसलीच ही जमीन. ही गोष्ट ध्यानांत ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

मक्रॉसची वाडी अठराव्या शतकापासून हर्बर्ट घराण्याकडे होती. आज जो वाडा उभा आहे तो विल्यम बर्न या स्कॉटिश शिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणें १८४३ सालीं पुरा झाला. त्यांत पासष्ट दालनें आहेत. बांधकाम पुरें होऊन दोन वर्षें होतात न होतात तोंच देशावर दुष्काळ कोसळला. १८६१ सालीं व्हिक्टोरिया राणी या वाड्यांत पाहुणी म्हणून उतरली. तिच्या स्वागतासाठीं आधींपासून बागबगीचे सुधारण्यांत व वाडा सजविण्यांत हर्बर्टांनीं पाण्यासारखा पैसा ओतला. मोठ्यांच्या मेजवानीचें ऋण घराण्याच्या माथीं बसावें, हा अनुभव आपल्या इनामदार-जहागीरदारांनाहि अपरिचित नाहीं. पुढें कर्ज फिटेना, आणि शेवटीं १८९९ सालीं वाडी गिनेस या प्रसिद्ध मद्यव्यापारी घराण्यांतील लॉर्ड आर्डिलॉन यांनीं विकत घेतली. १९११ सालीं ती त्यांच्याकडून कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या खाणीचे मालक विल्यम बोर्न यांच्याकडे गेली. बोर्न यांनीं ती आपली कन्या मॉड हिला, आर्थर व्हिन्सेंट यांच्याशीं झालेल्या तिच्या विवाहानिमित्त आहेर म्हणून दिली. मॉड १९२९ सालीं वारली. तिच्या स्मरणार्थ आईबापांनीं व पतीनें १९३२ सालीं सुमारें ११,००० एकरांची ती सगळी वाडी आयरिश राष्ट्राला देऊन टाकली, आणि तिचा स्वीकार करण्यासाठीं तेथील विधिमंडळानें त्याच वर्षीं स्वतंत्र कायदा केला.

हें दान थोर होतें यांत शंका नाहीं. लेकीच्या नांवानें एखादी धर्मशाळा किंवा घाट बांधणारे लोक आपल्याकडेहि झाले. पण तळीं, डोंगर, ओकाचें रान व वाडा यांसह अकरा हजार एकर जमीन सोडून देणारे सर्वत्र विरळाच. परंतु ज्या वर्षीं हें दान पदरांत पडलें, त्या वर्षीं त्या सरकारची स्थिति काय होती? स्वतंत्र राज्य होऊन अवघीं दहा वर्षें झालीं होतीं. वर सांगितलेल्या जमीनखरेदीच्या कर्जाचे हप्ते इंग्लंडला पोंचविण्याचें डी व्हॅलेरा यांच्या सरकारनें त्याच १९३२ सालीं नाकारलें. त्यावर इंग्लंडनें आयरिश जनावरांवर जबर जकात बसविली. गुरें विकून पोट भरणाऱ्या शेतकऱ्यांचा बाजार बसला. हा झगडा १९३८ सालीं एक कोट पौंड एकरकमी देऊन मिटला. अशा ओढगस्तीच्या काळांत उद्यानावर खर्च कोण करणार? पैसा थोडा म्हणून सरकारनें ती वाडी चालत्या शेतीसारखीच ठेवली व लोकांना फिरण्यास मोकळी केली. वाडा मात्र बंद राहिला. तो लोकांसाठीं उघडला गेला १९६४ सालीं, म्हणजे दान मिळाल्यानंतर बत्तीस वर्षांनीं. आणि त्यासाठींहि स्थानिक मंडळींनाच पुढाकार घ्यावा लागला. उद्यान म्हणून नीट व्यवस्था लावण्याचा व त्याचा विस्तार करण्याचा विचार तर १९७० च्या सुमारास, लोकांनीं काळजी व्यक्त करूं लागल्यावर झाला. त्यानंतर शेजारच्या केनमेअर जहागिरीचा भाग व तळीं मिळून आज तें उद्यान सुमारें २५,००० एकरांचें झालें आहे.

येथें कोणी विचारील कीं, इतकी जमीन पडून ठेवण्यापेक्षां शेजारच्या शेतकऱ्यांना कां वांटली नाहीं? प्रश्न रास्त आहे, आणि जमीन पाहूनच त्याचें उत्तर दिलें पाहिजे. या वाडीचा मोठा भाग म्हणजे खडकाळ डोंगर, पाण्यानें सदा भिजलेली दलदल, तळीं आणि ओकाचें जुनाट रान. चुनखडीच्या उघड्या खडकावर वाढलेलें यू नांवाच्या झाडाचें एक वनहि तेथें आहे, आणि तसलें वन युरोपांत फार थोड्या ठिकाणीं पाहावयास मिळतें. असल्या जमिनीचे तुकडे पाडून कुटुंबें बसविलीं असतीं, तर एका पिढींत झाडें गेलीं असतीं व दुसऱ्या पिढींत माती. जेथें नांगर चालत नाहीं तेथें नांगराचा हक्क मागणें हा शेतकऱ्याचा कैवार नव्हे. वाडींतील कुरणांचा जो भाग खरोखर शेतीच्या उपयोगाचा होता, त्यावर कित्येक वर्षें शेती चाललीच. तेव्हां वांटपाचा आक्षेप या ठिकाणीं लागू पडत नाहीं, असें आमचें मत आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. तो जमीन राखण्याविषयीं नसून राखणीच्या रीतीविषयीं आहे.

पहिली गोष्ट बागेच्या शोभेची. एकोणिसाव्या शतकांत आयर्लंडांतील धनिकांना आपल्या बागांतून दूरदेशचीं फुलझाडें लावण्याची हौस होती. हिमालयांत ज्याला बुरांस म्हणतात, त्याच कुळांतलें, परंतु स्पेन-पोर्तुगाल व काळ्या समुद्राच्या बाजूचें, एक जांभळ्या फुलांचें ऱ्होडोडेंड्रॉन त्यांनीं किलार्नीच्या परिसरांत लावलें. तेथील ओली हवा व आंबट माती त्याला अशी कांहीं मानवली कीं, बागेचें कुंपण ओलांडून तें रानांत शिरलें. त्याचें बीं धुळीसारखें बारीक असून वाऱ्यावर दूर जातें. एकेक मोठें झुडूप वर्षाला लाखों बिया टाकतें. पानें विषारी असल्यानें गुरें व हरणें तोंड लावीत नाहींत. बारमाही हिरव्या पानांची सांवली इतकी दाट पडते कीं, तिच्याखालीं ओकाचें एकहि रोप वर येत नाहीं. जुनीं झाडें उभीं दिसतात, म्हणून पाहणाऱ्यास रान शाबूत वाटतें. पण ज्या रानांत रोप उगवत नाहीं, तें रान वांझ होय. १९८१ पासून कित्येक वर्षें स्वयंसेवकांच्या टोळ्या उन्हाळ्यांत येऊन हीं झुडुपें तोडीत व उपटीत आल्या. तोडलेल्या बुंध्यास पुन्हा धुमारे फुटतात, राहिलेल्या बियांतून पुन्हा रोपें येतात; एकदां साफ केलेली जागा पुनःपुन्हा तपासावी लागते. तण एक वर्ष माजूं दिलें तर सात वर्षें निंदावें लागतें, हें आपण जाणतोंच. येथें तर तें शंभर वर्षें माजूं दिलें गेलें. आपल्याकडील घाणेरी, जिला कित्येक भागांत टणटणी म्हणतात, ती अशीच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठीं या देशांत आणली गेली, आणि आज कुरणें व बांध खाऊन बसली आहे. श्रीमंताच्या बागेंतील हौस गरिबाच्या शेतांतील तण होते, हा धडा दोन्ही देशांस सारखाच लागू आहे.

दुसरी गोष्ट चराईची. किलार्नीच्या डोंगरांत तांबड्या हरणांचा आयर्लंडांतील जुना मूळचा कळप आहे. शिकार व हेळसांड यांमुळें तो १९७० च्या सुमारास शंभरावर येऊन ठेपला होता. संरक्षणानें तो पुढें कित्येक पट वाढला. याचा आम्हांसहि आनंदच आहे. परंतु त्यांच्या जोडीला सिका जातीचीं जपानी हरणेंहि तेथें आहेत. हीं १८६५ सालीं पॉवर्सकोर्टच्या उमरावाकडून शोभेखातर आणविलीं गेलीं. मूठभर आणलीं, त्यांचे मोठे कळप झाले. लांडगे त्या देशांतून केव्हांच नाहींसे झालेले. तेव्हां माणसानें आवरलें तरच हरणें आवरावयाचीं. कोंवळीं रोपें तीं खातात, आणि त्यांनीं मोकळ्या केलेल्या जमिनीवर तीं ज्याला तोंड लावीत नाहींत असें तेंच विषारी झुडूप वाढतें. आणि येथें शेतकऱ्याचा दोषहि आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. शेजारच्या डोंगरांवरील मेंढ्या उद्यानाच्या रानांत शिरून चरतात व त्याहि रोपें वाढूं देत नाहींत. हरणानें बांध ओलांडून शेत खाल्लें तर आपण ओरडतों. आपल्या मेंढीनें बांध ओलांडून रान खाल्लें तर गप्प बसतों. न्याय मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात.

तिसरी गोष्ट गरुडांची. पांढऱ्या शेपटीचा मोठा समुद्रगरुड आयर्लंडांतून विसाव्या शतकाच्या आरंभीं नष्ट झाला होता. तो पुन्हा वसविण्यासाठीं २००७ सालापासून पुढें पांच वर्षांत नॉर्वेहून शंभर पिल्लें आणून किलार्नीच्या उद्यानांत वाढवून सोडण्यांत आलीं. पहिलीं पिल्लें विमानानें उतरलीं त्या दिवशीं मेंढपाळ शेतकरी निषेधासाठीं विमानतळावर हजर होते. हा पक्षी आमचीं कोंकरें नेईल, अशी त्यांची भीति होती. ती भीति अतिशयोक्तीची होती असें धरलें, तरी जो मनुष्य कोंकरांवर जगतो त्याच्याशीं बोलणें गरुड येण्याआधीं पुरें व्हावयास नको होतें काय? पुढें सोडलेल्या गरुडांपैकीं कित्येक विष खाऊन मेले. कोल्हे व कावळे मारण्यासाठीं मेलेल्या जनावरांत घातलेलें विष त्यांच्या पोटांत गेलें. विषाचें समर्थन आम्ही कदापि करणार नाहीं. तें कोणाच्या कुत्र्याला, कोणाच्या गाईला व उद्यां कोणाच्या मुलाला बाधेल याचा नेम नाहीं. परंतु ज्या शेजाऱ्याला विश्वासांत घेतलें नाहीं, त्याच्याकडून रखवालीची अपेक्षा करणें व्यर्थ आहे. रानाच्या चारी बाजूंस शेंकडों शेतकरी राहतात. पहारेकरी मोजके असतात. शेतकरी आपला झाला तर शेंकडों पहारेकरी फुकट मिळाले. तो परका झाला तर कितीहि पहारेकरी अपुरेच.

याची प्रचीति एप्रिल २०२१ मध्यें आली. त्या महिन्यांत लागलेल्या आगींत उद्यानाचें अडीच ते तीन हजार हेक्टर क्षेत्र जळालें. आग शीव पाहून थांबत नाहीं. वाळलेलें गवत व झुडुपें कोणत्या दिवशीं पेटूं शकतील, वारा कोणत्या घळींतून वाहतो, पाणी कोठें जवळ आहे, हें ज्ञान कचेरींत बसणाऱ्यापेक्षां डोंगरावर मेंढ्या राखणाऱ्यास अधिक असतें. तें ज्ञान कामीं लावण्याची सोय आगीपूर्वीं करावयाची असते. आगीच्या दिवशीं ती होत नाहीं.

दोषच दाखवून थांबणें अन्यायाचें होईल. या उद्यानानें शेतकऱ्यांच्या दृष्टीनेंहि मोलाचीं कामें केलीं आहेत. केरी नांवाची तेथील काळी, लहान चणीची, काटक व दुभती गाय विसाव्या शतकांत मोठ्या परदेशी गाईंच्या लाटेंत जवळजवळ नाहींशी होण्याच्या बेतास आली होती. तिचा एक कळप उद्यानानें राखला आहे. राष्ट्राच्या ठेवींत झाडें व हरणें यांबरोबर गाईचाहि समावेश व्हावा, ही कल्पना आम्हांस अत्यंत आदरणीय वाटते. आपल्याकडील डांगी व खिलार यांची स्थिति पाहतां ती अनुकरणीयहि आहे. वाड्याशेजारीं १९९३ सालीं जुन्या पद्धतीचीं तीन शेतें मांडलीं गेलीं. विजेचे दिवे येण्यापूर्वीं लहान, मध्यम व मोठा शेतकरी कसा राहत असे, तें तेथें पाहावयास मिळतें. उमरावाच्या वाड्याबरोबर कुळाची झोंपडीहि जतन करण्याजोगी मानली गेली, हा न्याय उशिरां कां होईना, पण मिळाला. शिवाय या उद्यानामुळें किलार्नी गांवांत प्रवाशांचा ओघ सतत असतो. पण त्या ओघाचा पैसा खाणावळवाल्याच्या गल्ल्यांत पडतो. डोंगरावरील मेंढपाळाच्या हातीं त्यांतलें फारच थोडें येतें. लाभ एकाचा व झीज दुसऱ्याची, हाच पुन्हा आरंभींचा प्रश्न.

आतां आपल्या घराकडे वळूं. कोल्हापूर संस्थानच्या छत्रपतींचें राधानगरी-दाजीपूरचें शिकारीचें रान १९५८ सालीं गव्यांसाठीं अभयारण्य झालें. मालकाच्या शिकारीचें रान सार्वजनिक झालें, हा प्रकार मक्रॉसहून निराळा असला तरी पुढचा प्रश्न तोच आहे. गवा जगला, ही अभिमानाची गोष्ट. आणि तो शेतांत उतरतो, हीहि खरी गोष्ट. अभिमान सगळ्या राज्याचा व नुकसान शिवेवरच्या दहा-वीस गांवांचें, ही वांटणी कोणत्याहि न्यायांत बसत नाहीं.

म्हणून आमच्या मतें राखीव रानाच्या कारभारांत तीन गोष्टी कायद्यानेंच बांधून दिल्या पाहिजेत. पहिली, जमीन राखीव करतांनाच तिच्या राखणीच्या वार्षिक खर्चाची कायमची तरतूद त्याच ठरावांत असावी. बैल फुकट मिळाला तरी वैरण विकत घ्यावी लागते. वैरणीचा विचार न करतां बैल दावणीला बांधणारा दाता किंवा सरकार पुण्य अर्धेंच जोडतें. दुसरी, पिकाची नुकसानभरपाई ही उपकार म्हणून न देतां रानाच्या खर्चाची एक बाब म्हणून द्यावी. कुंपण, पहारा, रस्ते यांचा खर्च जसा धरला जातो तसाच हाहि धरावा. पंचनामा पीक उभें असतांना व्हावा, आणि पैसे पुढल्या पेरणीपूर्वीं हातीं पडावेत. पुढल्या वर्षीं मिळालेला रुपया या वर्षीचें बियाणें आणीत नाहीं. तिसरी, रानाचा कारभार पाहणाऱ्या मंडळांत शिवेवरील शेतकऱ्यांचे प्रतिनिधि असावेत, व त्यांना ऐकण्याचाच नव्हे तर मत देण्याचा अधिकार असावा. नवें जनावर सोडणें, चराई बंद करणें, वाट अडविणें, यांतली कोणतीहि गोष्ट त्यांच्याशीं बोलल्यावांचून होऊं नये.

यावर कोणी म्हणेल, इतका पैसा आणावा कोठून? आमचें उत्तर असें कीं, हा खर्च आजहि होतोच आहे. फक्त तो सरकारी वहींत न पडतां शेतकऱ्याच्या घरांतून परस्पर जातो. तो वहींत उघड मांडला, म्हणजे रानाची खरी किंमत सर्वांस कळेल, आणि ती द्यावयाची कीं नाहीं हें सर्वांनीं मिळून ठरवितां येईल. किलार्नीच्या लोकांनीं दानाच्या पहिल्या चाळीस वर्षांत राखणीवर जें खर्चिलें नाहीं, तें पुढील पिढ्यांना एकेक झुडूप उपटून फेडावें लागत आहे.

आणि आपल्या सभासद बंधूंसहि आमची तितकीच कळकळीची विनंति आहे. मत मागावयाचें तर जबाबदारीहि घेतली पाहिजे. राखीव रानांत गुरें घालूं नयेत. विष कधींहि ठेवूं नये. बांध पेटवितांना वारा पाहावा व शेजाऱ्यास सांगावें. बांधावरील घाणेरी बीं धरण्यापूर्वीं काढावी. रान हें आपल्या विहिरीचें पाणी राखतें, हें आपल्यापेक्षां अधिक कोण जाणतो? त्याचे शत्रु होऊन आपला कांहीं लाभ नाहीं. त्याचे फुकटचे चाकर होणेंहि आपणांस मान्य नाहीं. त्याचे भागीदार होणें, हीच शेतकऱ्याला शोभणारी व रानालाहि तारणारी वाट होय.